चौथ्या कोपऱ्यातला घास

तिसगावजवळची वस्ती
ता. १६-११-७२

चांगुणे,

चि. सौ. लिहिणार होते. पण सौ. तू राहिली नाहीस, आणि ते कुणाच्या हातानं, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. श्रीमती लिहावं तर तुझं वय चोवीस. म्हणून नुसतं चांगुणे. इकडं क्षेम नाही, तिकडंही नसणार, तेव्हा ती ओळ दोघींनी गाळायची.

रखमाजी पाटील नगरच्या तुरुंगात तुला भेटून आला. म्हणाला, "साळूबाई, नातसुनेनं जुनं कापड मागितलंय. तिथं बायका गोधड्या शिवतात, तिलाही शिकायचंय." मी म्हटलं, माझ्या नातवाच्या डोक्यात मुसळ घातलं ती आता मलाच चिंध्या मागते? आणि सरकार तिच्या हातात सुई देतं? मोठ्या छातीचं सरकार आहे. पाटलाला सगळं ठाऊकच. गौरी उठल्या त्याच्या चौथ्या दिवशी तू पोरीला काखेत मारून त्याच्याच ओट्यावर जाऊन बसलीस, "मी नवऱ्याला मारलं" म्हणून.

सात वर्षं माझ्या घरात नांदलीस. तेवढ्यात मी नऊ गोधड्या शिवल्या. एकीला तरी हात लावलास? "आजी, मला नाही येत." कापूस वेचायला येतो, बाजरी कापायला येते, टाका तेवढा येत नाही. आता नवरा मेला आणि टाका आठवला.

पाटलाच्या हाती गाठोडं देते. त्यात माझं फाटकं निळं लुगडं आहे, दोन पोती आहेत धुतलेली, मनीचं लहान झालेलं परकर-पोलकं आहे. मनी माझ्याजवळ आहे. खाते. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तिला आवडत नाही, पण दुसरं काही नाही हे तिला कळतं. पाच वर्षांच्या पोरीला जेवढं कळू नये तेवढं कळतं.

खाली धड कापड अंथर, फाटकं मधे घाल, वर परत धड. कडेपासून सुरुवात कर, चौकोनी फेरे मारत मधे ये. मधून सुरू केलंस तर कापड पळतं. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा नको.

पाटील म्हणतो, तुरुंगातली पत्रं आधी साहेब वाचतो आणि मग देतो. वाचू दे. साहेब, माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही भावाच्या पाटीवर. अक्षर लागलं नाही तर चष्मा पुसा, मला दोष देऊ नका.

साळूबाई

•

नगर, बायकांची कोठडी
ता. ३०-११-७२

ती. आजीस चांगुणाचा नमस्कार.

गाठोडं मिळालं. परकर नाकाला लावला. मनीचा वास गेलेला होता, तुम्ही फार चांगला धुतलात.

सुई सकाळी मोजून देतात आणि संध्याकाळी मोजून घेतात. आक्काबाई म्हणून एक म्हातारी आहे, अकरा वर्षं झाली तिला इथं. तिनं मला दोरा ओवायला शिकवलं. पहिल्या दिवशी मी वीतभर शिवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "हे काय, गाढवाचं खोगीर शिवतीस व्हय?" आणि सगळं उसवलं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत.

डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. गोधडीला डावा हात खालून लागतो. सुई खाली आली की बोटानं तिला अडवून वर लोटायची. माझ्या त्या बोटांना सुई टोचलेली कळतच नाही. वर रक्ताचा ठिपका आला की मग कळतं. आक्काबाई म्हणते, बरंय की, तुला शिंप्याचं अंगुस्तान फुकट मिळालं.

सरकारनं मला वकील दिलाय. तरुण आहेत. ते म्हणाले, डॉक्टरांच्या कागदावर डोक्याला तीन घाव आहेत. एक घाव असता तर पोरीला वाचवताना लागला असं सांगता आलं असतं. एक मारून पडलेल्या माणसाला आणखी दोन मारले, म्हणजे मारायचंच होतं असं कोर्ट म्हणतं. त्याला जन्मठेप, नाहीतर फाशी.

आजी, मला एकच आठवतो. मुसळ एकदाच उचललं. ते चुलीपाशी पडले. मी मनीला उचललं आणि पळाले. पण रागात माणसाला मोजता येत नाही असं वकील म्हणतात. तीन लिहिलंय तर तीनच असतील.

गोधडी मनीसाठी करते आहे. तिला सांगा.

चांगुणा

•

वस्ती
ता. १२-१२-७२

चांगुणे,

मनीला सांगितलं. ती म्हणाली, आईला म्हणावं लाल तुकडा घाल. लाल कुठून आणू, दुष्काळात शेंदूरसुद्धा महाग झालाय.

घाव मोजत बसू नकोस. मेलेला माणूस एका घावानं मेला काय नि दहांनी मेला काय, उठून बसत नाही. वकील कोवळा आहे म्हणतेस, मग त्याला काय कळतं. तू टाके मोज.

बोटांचं लिहिलंस. दाराचं मला माहीत होतं. मी तेव्हा अंगणात शेण सारवत होते. तू ओरडलीस ते ऐकलं. सारवून झाल्यावर आत आले आणि हळद लावली. मी हे का लिहिते आहे मला कळत नाही, पण लिहिलंय, आता खोडत नाही.

माझ्या नवऱ्यानं मला बैलाच्या चाबकानं मारलं, तेरा वर्षं. पाठीवर अजून वळ आहेत, थंडीत खाजतात. तेव्हा सासूनं मला गोधडीवर बसवलं. जीव लागला म्हणून नाही. म्हणाली, "सुई हातात असली की हात उलटा फिरत न्हाई." तिचं खरं होतं. माझा फिरला नाही. तो कावीळ होऊन मेला, मी टाके घालत होते.

तिनंच सांगितलेलं एक तुला सांगते, आक्काबाईला माहीत नसेल. आपल्या घरात गोधडीचे तीन कोपरे शिवायचे आणि चौथा उघडा ठेवायचा. शेवटी त्यात भाकरीचा घास घालायचा, मग तो शिवायचा. गोधडीचं पोट उपाशी ठेवलं तर ती पांघरणाऱ्याला खाते. मी नवी होते, हसले. सासूनं तापलेलं उलथनं माझ्या मनगटावर टेकवलं. त्यानंतर एक कोपरा मी उपाशी ठेवला नाही.

सोपान परवा आला होता. माझा धाकटा लेक असला तरी मेलेल्या पुतण्याचा त्याला फार पुळका आलाय. कोर्टात मी असं सांगावं म्हणतो की चांगुणा आधीपासून मुसळ जवळ घेऊन बसली होती. मी पोलिसांना जबानी दिली आहे की मी गोठ्यात होते, आले तेव्हा गहिनीनाथ मेलेला होता. तीच देणार. सोपानला म्हटलं, तू तेव्हा तिसगावात पत्ते खेळत होतास, तूच सांग काय बघितलंस ते.

सोबत गहिनीनाथचा सदरा पाठवते. चांगला दणकट आहे. वापर.

साळूबाई

•

नगर
ता. २-१-७३

ती. आजीस नमस्कार.

सदरा परत पाठवते आहे. रागावू नका. दोन दिवस मी तो मांडीवर घेऊन बसले. कात्री मागितली आणि परत दिली. कापड दणकट आहे हे खरं, पण त्याच बाहीतला हात होता तो. मनीच्या अंगावर तो हात परत नको.

वकिलांनी सगळं लिहून द्यायला सांगितलंय. आधी तुम्हाला लिहिते, म्हणजे हात मोकळा होईल.

त्या दुपारी मनीनं हंडा कलंडवला. दीड कोसावरून आणलेलं पाणी. ते दारूत नव्हते, शुद्धीत होते, हे मी वकिलांना दोनदा सांगितलं. त्यांनी पोरीला पायाला धरून उलटी आडावर नेली. कोरडा आड, खाली दगड. "पाणी सांडतीस? जा, खालून आन." तिला हलवत होते, कपडा झटकतात तशी. ती रडत नव्हती, नुसती बघत होती. मग तिला आत आणून भिंतीवर फेकली आणि परत उचलायला वाकले. मुसळ उखळात होतं. बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

पळताना मी ओसरीवरून गेले. तुम्ही तिथंच मिलो निवडत बसला होता. पोलिसांना तुम्ही गोठा सांगितलात, मी ते खोडलं नाही. म्हातारीला कशाला ओढा असं वाटलं.

इथं एक वाईट झालं. साळवे म्हणून एक बाई आली आहे, तिनं सवतीवर रॉकेल टाकलंय. तिनं माझी अर्धी गोधडी ओढली, म्हणाली मला थंडी वाजते. मी दे म्हणाले. तिनं दातानं धरून टर्रकन फाडली. दहा फेरे झाले होते, आजी. दहा फेरे, आणि एकही वाकडा नव्हता. मी सुई तिच्या तळहातात घातली, ती पलीकडून निघाली. तिनं माझं तोंड फरशीवर आपटलं. एक दात गेला.

पंधरा दिवस सुई बंद आहे. दात गेल्याचं काही नाही. सुईचं सहन होत नाही. सकाळी उठलं की बोटं आपोआप चिमटीत येतात. आक्काबाई माझ्या शेजारी बसून शिवते आणि मी तिचे टाके बघते. आता मला कळतं, कुठं तिचं मन उडालं. तिथं टाका लांब जातो. कापडावर सगळं उमटतं. हे तुम्ही मला सात वर्षांत का नाही सांगितलंत?

चांगुणा

•

वस्ती
ता. १८-१-७३

चांगुणे,

सुई माणसात घालू नये. टोक बोथट होतं आणि मग कापडाला ओढ बसते. एवढीसुद्धा अक्कल नाही आणि म्हणे गोधडी शिकते. त्या साळवेला मी ओळखत नाही, पण जिला थंडी वाजते तिला दहा फेऱ्यांची गोधडी पुरत नाही हे तिलाही कळायला हवं होतं. फाटलेल्या जागी नवीन थर घाल. ठिगळ दिसलं तर दिसू दे.

सात वर्षांत का नाही सांगितलं विचारतेस. तू विचारलं नाहीस. आणि मी सांगणाऱ्यांतली नव्हे, मी निवडणाऱ्यांतली. ओसरीवर बसून खडे निवडायचे, आत काय चाललंय ते कानांनी ऐकायचं. वाईट सवय आहे.

सदरा मिळाला. खुंटीला टांगून ठेवलाय.

सोपान परत आला, काठी घेऊन. म्हणाला, मनीला आमच्याकडं द्या, खुनी बाईचं बेणं आमच्या धाकात राहील. मनीचा दंड धरला. मी भाकरी करत होते. चुलीतलं कोलीत काढलं आणि त्याच्या दाढीला लावलं. पोटचा लेक आहे, म्हणून डोळ्याला लावलं नाही. त्यानं काठी माझ्या खांद्यावर घातली. हाड मोडलं नाही, नुसतं काळं पडलंय. उजवा हात वर जात नाही, म्हणून अक्षर असं आहे, साहेबांना सांग. मनीनं काय केलं असेल? सोपानच्या पायाला चावली, रक्त काढलं. मी तिला ओरडले नाही.

पाटलानं सोपानला तंबी दिली आहे. कोर्टाची तारीख शिमग्याच्या आधी लागेल म्हणतो. मला समन्स येईल.

गाठोड्यात हे शेवटचं कापड. माझं हिरवं लुगडं आहे, काळ्या काठाचं. राखेत उकळून धुतलंय, दोनदा. मी ते आता नेसत नाही, आणि एवढं कापड टाकून द्यायला मी काही बागायतदारीण नाही. कामाला येईल. मनी लाल मागत होती, लाल मिळालं नाही.

साळूबाई

•

नगर
ता. ९-२-७३

ती. आजीस नमस्कार.

सुई परत मिळाली. त्या दिवशी मी जेवायला उठले नाही. आक्काबाईनं ताटली उचलून ठेवली आणि म्हणाली, "लागलं याड हिला."

लागलंच आहे. तुम्हाला हसू येईल, पण लिहिते. आधी वाटायचं, दिवस जावा म्हणून शिवते. आता दिवस पुरत नाही. निळ्याशेजारी पोत्याचा तपकिरी ठेवला की निळा उठतो. परकराची फुलं एकाच जागी न ठेवता चार कोपऱ्यांकडं पांगवली, मनी कुठंही निजली तरी एक तिच्या गालाशी येईल. फेरा पुरा होऊन सुरुवातीच्या टाक्याला भिडतो, तेव्हा पोटात गार वाटतं. साळवेसुद्धा शेजारी येऊन बसते. तिचा हात बांधलेला आहे. मी तिला दोरा ओवून देते, ती डाव्या हातानं शिवते, गाढवाचं खोगीर.

आता हिरव्या लुगड्याचं. हे पत्र साहेबांना न दाखवता आक्काबाई बाहेर धाडते.

उन्हाला धरलं तर पदरावर बारीक तांबूस ठिपके आहेत. राखेनं गेले नाहीत. तुमचे डोळे आता पोचत नाहीत, म्हणून तुम्हाला दिसले नसतील. पाट्यावर मिरची वाटताना जोरात वरवंटा आपटला की उडतात तसे. मी ओसरीवरून पळाले तेव्हा तुम्ही हेच लुगडं नेसला होता. त्यावर एक डाग नव्हता, माझा पाय तुमच्या पदराला लागला, म्हणून मला आठवतं. पाटलांना घेऊन परत आले तेव्हा तुम्ही दारात बसला होता, अंगावर निळं लुगडं होतं. आणि वरवंटा ओला होता. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. इथं विचार करायला जागा आहे.

मिरचीच वाटली असणार तुम्ही. दुसरं काय.

तो पदर मी आतल्या थरात घातला. ठिपक्यांची बाजू खाली, वर पाच कापडं. सगळ्यांत बारीक टाके तिथंच आहेत. आता कुणी गोधडी जाळली तरच तो दिसेल.

वकिलांना मी सांगितलं, मला आता नीट आठवलं. तीन घाव मीच घातले. पहिला उभ्यानं, दोन ते पडल्यावर. त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, हे कोर्टात बोललात तर मी तुम्हाला वाचवू शकत नाही. मी म्हटलं, बरं.

तुम्ही जबानीत जे सांगितलंत तेच सांगा. मनीला घरात एक माणूस लागतं.

चांगुणा

•

नगर
ता. २३-२-७३

ती. आजीस नमस्कार.

तुमचं पत्र आलं नाही. खांदा दुखत असेल.

गोधडी झाली. पाटील आज भेटायला आले आहेत, त्यांच्या हातीच पाठवते. पाटील म्हणाले, पाच मार्चला कोर्ट आहे.

तीन कोपरे शिवलेत. चौथा उघडा ठेवलाय. इथल्या भाकरीचा घास मनीच्या गोधडीत घालायला माझं मन घेईना. घरच्या भाकरीचा घाला आणि कोपरा तुम्ही शिवा. तुमचा टाका माझ्या टाक्याशेजारी येईल तेवढं पुरे.

खोगीर झालं असेल तर तसं कळवा.

चांगुणा

•

वस्ती
ता. १-३-७३

चांगुणे,

खोगीर झालेलं नाही.

मी ती अंगणात पसरली आणि गुडघ्यांवर बसून पूर्ण फिरले. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बोटांनी बघितली. तेविसाव्या फेऱ्यात एका ठिकाणी टाका लांब गेलाय, तिथं तुझं मन उडालं होतं. बाकी कुठं नाही. मी साठ वर्षं शिवते, माझी एवढी चांगली एकही नाही. हे मी एकदाच सांगते, परत विचारू नकोस.

आता बाकीचं. हे तुला लिहिते आहे, पण साहेब आधी वाचणार आहेत हे मला पहिल्या पत्रापासून माहीत आहे. म्हणूनच लिहिते. साहेब, चष्मा पुसा.

चांगुणा गेली आणि मी ओसरीवर तशीच बसून राहिले. मिलो निवडत होते. आत गहिनीनाथ पडल्याचा आवाज आला होता. मनात म्हटलं, निवडून होऊ दे, मग हळद घेऊन जाऊ. तेवढ्यात आत भांडं वाजलं. मी गेले. तो उठून बसला होता. कपाळावरून रक्त डोळ्यांत येत होतं, ते बाहीनं पुसत होता. शुद्धीत होता. म्हणाला, "आजी, कुठं गेल्या त्या?" मी म्हटलं, पड गप. तो उठला, भिंतीला धरून गेला, खुंटीवरची कुऱ्हाड काढली. म्हणाला, "पोरीपासून सुरू करतो. तिच्या आईला बघाय लावतो. तू मदी येऊ नको, न्हाईतर तुला बी."

मी त्याला ओळखते. तीन वर्षांचा होता तेव्हा त्याची आई गेली, मीच वाढवला. तो रिकामं बोलत नसे. बोललेलं करायचा.

त्याला भोवळ आली, म्हणून पाटावर बसला आणि वहाणा घालायला लागला. कुऱ्हाड मांडीवर. मान खाली. पाट्यावर वरवंटा होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला. पहिल्यानं तो कलंडला आणि माझा पदर धरला. "आजी" म्हणाला. मी दुसरा घातला.

साहेब, डॉक्टरांच्या कागदावर तीन घाव आहेत. एक तिचा. दोन माझे. तिच्या घावानं तो मेला नव्हता, चालत होता, बोलत होता, वहाणा घालत होता. उजव्या पायात वहाण होती आणि डाव्यात नव्हती, पंचनाम्यात बघा, लिहिलं असेल. मुसळ खाऊन पडलेला माणूस पडल्यापडल्या एक वहाण घालत नाही. हे कुणी कसं बघितलं नाही याचं मला नवल वाटतं, पण बाई स्वतःच "मी मारलं" म्हणत आली की पुरुषांना पुढं बघावं लागत नाही.

कुऱ्हाड मी परत खुंटीला टांगली. वरवंटा धुतला. लुगडं बदललं. सत्तरी गाठलेली बाई फाशीला भिते हे ऐकायला बरं वाटत नाही, पण भ्याले. मनाशी म्हटलं, ही तरणी आहे, लेकरू वाचवताना मारलं म्हणेल, दोन-तीन वर्षांत सुटेल. तोवर मी मनीला बघेन. तीन घाव मोजले जातील हे डोक्यात आलं नाही. तू लिहिलंस तेव्हा आलं. तरी मी गप्प बसले आणि तुला टाके मोजायला सांगितलं. तीन महिने मी परत ओसरीवरच बसले होते, चांगुणे. निवडत होते.

मग तुझं ते पत्र आलं. मिरची म्हणे. माझं लुगडं पाच थरांखाली गाडलंस आणि वर फाशी ओढून घेतलीस. मी रागानं पत्र चुलीत घालायला निघाले होते. सात वर्षं जिचं ओरडणं ऐकून मी शेण सारवलं, ती मला पांघरूण घालते. तुझं पांघरूण मला नको. मला थंडी वाजत नाही.

पदराची शिवण मी उसवली आहे, तेवढीच, वीतभर. तो तुकडा कापून घेतला आणि रखमाजी पाटलाच्या हातात दिला, त्याच्याच ओट्यावर बसून. वरवंटाही दिला. गहिनीनाथच्या बारशाला रीतीप्रमाणं वरवंट्याला टोपरं घालून पाळण्यात पोराच्या शेजारी निजवला होता, तोच. पाटलाला म्हटलं, सांभाळून धर, जड आहे. त्यानं तो फडक्यात गुंडाळला. उद्या तो मला नगरला घेऊन येतोय. पाच तारखेला तुझ्या वकिलाला आधी माझं ऐकायला लावते. तू तोंड उघडून परत तीन म्हणालीस तर कोर्टात सगळ्यांसमोर थोबाडीत देईन, खांदा मोडला तरी चालेल.

मनी पाटलाच्या बायकोजवळ राहील, तू येईपर्यंत. सोपानला पाटलानं वस्तीवर यायला बंदी केली आहे. न ऐकल्यास मनीला चावायला येतं.

उसवलेल्या जागी मी ठिगळ लावलेलं नाही, तिथं माझ्या हाताचं काही नको. ते तू लाव. चौथा कोपराही शिवला नाही. आज सकाळी भाकरी केली, पहिलीचा घास मोडून कोपऱ्यात ठेवलाय आणि वर काटा टोचलाय, घास पडू नये म्हणून. घरी आलीस की हात धू आणि आधी तो शिव. मनी तोवर ती पांघरणार नाही, मी तिला बजावलंय. ती सकाळपासून सारखी गोधडीपाशी जाऊन घास आहे का बघते.

आता माझं काम. तिथं सकाळी सुई मोजून देतात म्हणालीस. मलाही देतील. आक्काबाईला सांग, येणारीला दोरा ओवता येतो, फक्त डोळे नाहीत, तेवढा ओवून द्यावा. आणि घरी गेल्यावर मला जुनं कापड पाठव. फार नको. खुंटीला गहिनीनाथचा सदरा आहे. तो कापू नकोस, धुऊ नकोस, तसाच पाठव. तुला मनीच्या अंगावर तो नको होता, तुझं बरोबर होतं. माझ्या अंगावर चालेल.

साळूबाई